रिकामा खिळा

सौदी अरेबियाला जाऊन आले म्हटलं की आमच्या कॉलनीतल्या बायका दोनच प्रश्न विचारतात. बुरखा घालावा लागला का, आणि सोनं आणलं का? दोन्हींचं उत्तर 'नाही'. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो मीच विचारते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, ही बाई तिकडे गेलीच कशाला? तर शेहेचाळीस वर्षांपूर्वी एका ग्रीक माणसाच्या पुस्तकातून चोरलेलं एक प्रकरण परत करायला.

निघाले तेव्हा हे मलाही माहीत नव्हतं. मी आपली मुलाकडे चालले होते. बॅगेत मेतकूट होतं, गोडा मसाला होता, नातीसाठी राजगिऱ्याच्या वड्या होत्या. तळाशी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, पिवळी पडलेली नऊ पानं होती. ती का घेतली कोण जाणे. चोराला चोरीचा माल टाकूनही देववत नाही, तसंच काहीतरी.

रियाध

विमानतळावर सून घ्यायला आली होती. मृणाल. गाडी तीच चालवत होती, सहापदरी रस्त्यावर, एका हाताने गॉगल सारखा करत. मी बघत होते. माझ्या तरुणपणी मी एकदा मोपेड शिकायला गेले आणि नाशिकच्या सीबीएस स्टँडजवळ एका म्हशीला जाऊन धडकले. म्हैस हलली नाही. मीच पडले. त्यानंतर स्त्रीमुक्तीवर तीन भाषणं दिली, पण मोपेडला हात लावला नाही.

त्या काळातल्या स्वतःला मी आता 'ती' म्हणते. जाड काड्यांचा चष्मा, खादीची झोळी, ओठांवर बंड, आणि थोरले दीर बाहेरून खाकरले की झटकन डोक्यावर पदर. तिने अठ्ठाविसाव्या वर्षी एक ग्रीक कादंबरी इंग्रजीवरून मराठीत आणली. 'खारा संत'. लेखक थानासिस कारावास. सासूबाई म्हणायच्या, "मेल्याच्या आडनावातच तुरुंग आहे, त्याचं पुस्तक कसं चालायचं?" आणि खरंच चाललं नाही.

हा कारावास एका उघड्याबोडक्या बेटावरचा. तिथली माणसं समुद्राच्या तळाशी बुडी मारून स्पंज काढायची. छातीशी सपाट दगड धरायचा आणि सरळ खाली जायचं. वर यायला घाई झाली की पाय जायचे, उशीर झाला की जीव जायचा. त्याच्या बापाचे पाय गेले होते. गावातल्या प्रत्येक घरात एक लुळा नाहीतर एक विधवा, आणि चर्चच्या भिंतीवर समुद्र राखणाऱ्या संताची तसबीर. कारावासने लिहिलं ते या तसबिरीबद्दल. पुस्तक आलं आणि बिशपने ते व्यासपीठावरून धिक्कारलं. त्याच्या घराच्या दाराला लोकांनी डांबर फासलं. तो देश सोडून गेला. म्हातारपणी परदेशात मेला, तेव्हा पेटी बेटावर आणली, तर चर्चचं दार आतून बंद. मग पाणबुड्यांनीच ती होडीत घातली, बेटाला एक फेरी मारली आणि टेकडीवर पुरली. मंत्र नाही, घंटा नाही. आणि आज? आज त्याच बंदरावर त्याचा अर्धपुतळा आहे, त्याचा चेहरा छापलेले चहाचे मग विकायला आहेत, आणि असं म्हणतात की त्याच चर्चच्या दारात त्याच्या कबरीची पोस्टकार्डं मिळतात. माणूस पुरेसा मेला की सगळ्यांनाच आवडायला लागतो.

रियाधच्या मराठी मंडळाला या माणसावर माझं व्याख्यान हवं होतं. मंडळाचे अध्यक्ष सबनीस दुसऱ्याच दिवशी घरी आले. मूळचे पुण्याचे, तेलशुद्धीकरणातले मोठे इंजिनिअर, शर्टाला कडक इस्त्री.

"काकू, एकदम झकास होऊ द्या. त्याचं बालपण, समुद्र, ते पाणबुडे, तुमचे अनुवादाचे अनुभव... फक्त तो वादाचा भाग जरा..." त्यांनी बोटांनी हवेत कात्री चालवली.

"कुठला वादाचा भाग?"

"तेच हो. चर्च, तसबीर वगैरे. धर्म हा विषयच नको."

"अहो, भांडण ग्रीक चर्चचं. इथल्या लोकांचा काय संबंध?"

"इथल्यांची भीती कोणाला आहे? आपल्यांची आहे! मागे उपासाला साबुदाणा चालतो का यावरून पाच जण ग्रुप सोडून गेले."

मी म्हटलं, "बघू."

'बघू' म्हणजे मराठीतलं भित्रं 'हो'. ते तोंडातून निसटलं आणि मला माझ्या खांद्यावर ती दिसली. चष्मा सावरत, खूष होऊन बसलेली. म्हटलं, अगं सटवे, तू अजून आहेसच का?

अल खर्ज

मंडळाची जाहिरात, खाली मृणालचा नंबर, मोबाइलवरून कुठून कुठे फिरली असेल देव जाणे. तिसऱ्या दिवशी मृणालच्या फोनवर एक फोन आला.

"'खारा संत'वाल्या बाई त्याच काय? मी इस्माईल परकार. खर्जला दुधाच्या प्लांटात असतो. आर्गन वेल्डर. बाईंना एक विचारायचा होता. फोनवर नको. म्होरं बसून."

माझ्या आयुष्यात त्या पुस्तकाबद्दल समोर बसून विचारणारे वाचक मोजून चार. त्यातले तीन नातेवाईक. मी म्हटलं, यल्ला, चला.

खर्ज रियाधच्या दक्षिणेला, तासाभराच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना तांबूस माळ, आणि मधेच एकदम हिरवं गोल शेत, भाकरी थापून ठेवल्यासारखं. वाळवंटात इतक्या गाई असतील असं वाटलं नव्हतं. त्यांच्या गोठ्यांना पाण्याच्या फवाऱ्याचे पंखे. नाशकात मे महिन्यात मला एवढं सुख नाही.

इस्माईलच्या कॅम्पात बायकांना जाता येत नाही, म्हणून एका मल्याळी माणसाच्या हॉटेलात, पडद्याआडच्या फॅमिली सेक्शनमध्ये भेटलो. साठीला टेकलेला उंच माणूस, मनगटावर ठिणग्यांचे पांढरे डाग. खाली वाकून म्हणाला, "काकी, सलाम." हातात स्टीलचा डबा. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी.

"कॅम्पात मीच करतो. पीठ गावास्नं येतं. खावा."

हॉटेलवाला बाहेरचं खाणं बघून कुरकुरला. मृणालने तीन लबन मागवून त्याला गप्प केलं. लबन म्हणजे आपल्या ताकाचा बाळसेदार भाऊ. भाकरीबरोबर जातो.

इस्माईलने पिशवीतून पुस्तक काढलं. माझंच. पुठ्ठ्याला चिकटपट्टी, पहिल्या पानावर दाभोळच्या खाडीकडच्या त्याच्या गावातल्या वाचनालयाचा शिक्का. "परत करायचा ऱ्हावला," तो लाजून म्हणाला. "एकोणीस वर्षं झाली. पुढल्या म्हयन्यात माझा फायनल एक्झिट, कायमचा घरी. कफीलनं, माझ्या मालकानं, सही केली. आता जाऊन परत देणार. पण त्याच्या आधी एक विचारू काय?"

"विचारा की."

"सातव्या प्रकरणात संत भिंतीवर हाय. लोक त्याच्याम्होरं दिवा लावतात. बरोबर? मग नवव्यात तो लुळा म्हातारा देवळात शिरतो नि 'रिकाम्या खिळ्यासमोर' उभा ऱ्हातो. सगळा गाव त्या खिळ्याला हात जोडतो. मधल्या आठव्यात लग्नच चाललंय. मग संत गेला कुठं?"

शेहेचाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. परीक्षणकर्त्यांनी नाही, प्राध्यापकांनी नाही. आणि तुम्हाला वाटेल, म्हातारीने लगेच खरं सांगून टाकलं. छे! मी म्हटलं, "छापखान्यात काहीतरी गळलं असेल."

इस्माईलने भाकरीचा तुकडा मोडला.

"काकी, मी दुधाच्या नळ्या जोडतो. बाहेरून जोड कितीबी चकचकीत असू दे, त्याला कोण विचारत नाय. दूध आतून जातं. आत केसभर चीर ऱ्हायली तर तिथं दूध अडकतं, नासतं, मग आख्खी टाकी ओतावी लागते. माझं बोट आतला जोड वळखतं." त्याने पुस्तकाच्या त्या पानांवरून बोट फिरवलं. "इथं जोड हाय. छापखान्याचा नाय. हाताचा."

मी चटणी तिखट आहे असं म्हणून डोळे पुसले. मृणाल माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं, मी मिरचीचा ठेचा नुसता खाते.

निघताना त्याला म्हटलं, "शुक्रवारी व्याख्यानाला या."

"मंडळात?" तो हसला. "तिकडं सगळे साहेब, काकी. आमी नाय जात."

परतीच्या रस्त्यावर मी मृणालला सगळं सांगितलं. गळलेलं प्रकरण मूळ पुस्तकात सातव्यानंतर येतं. त्यात मारिगो नावाची विधवा आहे. नवरा बुडाला, थोरला बुडाला, आणि धाकटा ज्या दिवशी परत आला नाही, त्या दिवशी ती भर दुपारी चर्चमध्ये शिरते. संताची तसबीर खिळ्यावरून काढते, तिला पाणबुड्यांचा सपाट दगड बांधते आणि धक्क्यावरून समुद्रात सोडते. तूही खाली जाऊन बघ म्हणते, आणि माझा मुलगा सापडला की वर ये. बस. यापायी त्या माणसाला देश सोडावा लागला.

"मग तुम्ही काढलं का ते? प्रकाशकाने सांगितलं?"

"तीच तर गंमत आहे. प्रकाशक एवढंच म्हणाला की हे प्रकरण थोडं जड जाईल. 'जाईल' शब्द त्याच्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत मी म्हटलं, काढू या! कोणी मागितलंच नव्हतं गं. मीच ताट वाढून दिलं."

"आणि लेखक?"

लेखकाला मी पत्र लिहिलं होतं. परवानगी मागणारं, सहा पानी, त्यात 'आमचा समाज', 'संवेदनशीलता' असले शब्द. उत्तर दोन ओळींचं आलं. प्रकरण काढायचं तर काढ म्हणाला, पण पुढे जिथे जिथे रिकामा खिळा येतो, तो तेवढा राहू दे. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. खिळ्याने काय होतंय? राहू दिला. आणि त्या खिळ्याला अडकायला एक माणूस निघाला, तोही खर्जच्या दुधाच्या प्लांटात.

मृणालने गाडी चालवतच म्हटलं, "आई, म्हणजे त्याने तुमच्याच घरात तुमच्यासाठी सापळा लावून ठेवला."

बुरैदा

शनिवारी मुलगा निखिल म्हणाला, चला, खजूर बाजार बघू. बुरैदा उत्तरेला, साडेतीन तासांवर. पहाटेच निघालो. खजुराचा हंगाम ऐन भरात होता. मैदानावर ट्रकच्या रांगा, प्रत्येकाच्या पाठीवर खोके उघडे, आणि दलाल उभ्या उभ्या गाण्यासारखी बोली लावतायत. आमच्या लासलगावच्या कांदा बाजाराची आठवण आली, फक्त इथे कोणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

एका बाजूला काही बायका बसल्या होत्या, चेहऱ्यावर नकाब, पुढ्यात खजूर आणि क्लेजा. क्लेजा म्हणजे गूळ-वेलचीच्या सारणाची गव्हाची भाजलेली चकती. आपल्या सांज्याच्या पोळीची सौदी मावसबहीण म्हणा. त्यातल्या एका म्हातारीने मला बोलावलं. तिचे फक्त डोळे दिसत होते, पण ते माझ्याहून खट्याळ होते. मी एका खोक्यावरून हात फिरवला आणि वरचा खजूर उचलून दाबून बघितला, नाशकात मी द्राक्षं दाबून बघते तसा. तिला राग आला. तिने माझ्या हातातला खजूर काढून घेतला, अख्खा खोका उचलला आणि समोरच्या ताटात सरळ पालथा केला. मग सगळ्यात तळातला, चेपलेला खजूर शोधून, मधून फोडून माझ्या तोंडात घातला.

"काय म्हणतेय?" मी निखिलला विचारलं.

"म्हणतेय, वरचा कशाला बघतेस? वर सगळेच चांगले लावतात. खालचा खा."

खालचा वरच्याहून गोड होता. मी तिच्या गुडघ्यावर थाप मारली, तिने माझ्या. दोघींचेही गुडघे दुखतात हे दोघींना लगेच कळलं. तिने वेलची घातलेला कडू काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला. मी तिला राजगिऱ्याची वडी दिली. ती नकाबाच्या खालून तिने अशी अलगद आत सरकवली की मला आमच्या काळातल्या, सासरी घुंगटाआडून चिवडा खाणाऱ्या मारवाडणींची आठवण झाली. कौशल्य आहे ते.

गाडीत बसल्यावर मी सबनीसांना फोन लावायला सांगितला.

"सबनीस, मी सगळं वाचणार आहे. काढलेलं प्रकरणसुद्धा. आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची इस्माईल परकारांसाठी ठेवा. ते वेल्डर आहेत."

"काकू... म्हणजे... त्या कोकणातल्या लोकांचं वेगळं मंडळ आहे ना."

"त्यांचं वेगळं मंडळ असेल, पण पुस्तक एकच आहे. आणि ते त्यांच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही."

"मग मला कार्यक्रमाचा विचार करावा लागेल."

"करा. रद्द केलात तर मी तुमच्या कंपाउंडच्या बागेत झोपाळ्यावर बसून वाचेन. सुरक्षारक्षक बांगलादेशी आहे. त्याला समजणार नाही, पण तो नम्र आहे."

फोन बंद झाला. निखिल पुढे बघत म्हणाला, "आई, तू दहा दिवसांनी जाशील. मला या माणसांत राहायचंय. सबनीसांचा शब्द ऑफिसमध्ये चालतो."

हे मात्र लागलं. बंड नेहमी दुसऱ्याच्या घरात राहून करावं, भाडं त्याने भरायचं. 

"निखिल, तू दोन वर्षांचा होतास तेव्हा मी ते प्रकरण कापलं. घरात शांतता राहावी म्हणून. शांतता राहिली. पण बघ, त्या शांततेत तुझी आई नासली. खर्जच्या माणसाने दाखवलं मला."

मागून अकरा वर्षांची नात म्हणाली, "बाबा, लेट हर रीड ना. शी इज सो ओल्ड."

निखिल हसला. मग त्याने गाडी बाजूला घेतली आणि खर्जच्या नंबरवर फोन केला. "परकारभाई, शुक्रवारी तुम्हाला घ्यायला मी येतोय. यल्ला, नाही म्हणू नका."

रियाध, शुक्रवार

कार्यक्रम रद्द झाला नाही. नाशिककराने सांगितलं म्हणून पुणेकर बधत नाही, पण खुर्च्या भाड्याने आलेल्या होत्या. संध्याकाळी पाचला सबनीसांच्या दिवाणखान्यात तीस-पस्तीस जण होते. बटाटेवड्यांचा वास, पैठण्या, एसीची घरघर. पहिल्या रांगेत इस्माईल, इस्त्रीच्या सदऱ्यात, मांडीवर पुस्तक. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मृणाल जाऊन एकीवर बसली. निखिल दुसरीवर.

मी व्याख्यान दिलंच नाही. आधी कबुली दिली. छापखाना वगैरे काही नाही, ते प्रकरण मीच कापलं. इस्माईलभाई, तुमच्याशी परवा खोटं बोलले, माफ करा. मग पत्र्याचा डबा उघडला आणि वाचायला लागले. त्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईचं मराठी भयंकर होतं. 'हृदयविदारक' एकाच पानात तीनदा. ते मी वाचता वाचता वगळलं. तेवढी कात्री मला माफ आहे. पण मारिगो खिळ्यावरून तसबीर काढते, तिच्या काचेवरची धूळ पदराने पुसते आणि मग दगड बांधते, तिथे पोरीने काम चोख केलं होतं. आवाज न चढवता. मला तिचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "काकू, राग मानू नका. पण आपल्या देवाबद्दल असं कोणी लिहिलं असतं तर आपण ऐकून घेतलं असतं का? देवाला पाण्यात बुडवायचं म्हणजे..."

सबनीसांनी माझ्याकडे बघितलं, 'मी सांगितलं नव्हतं?' असं.

आणि इस्माईल उभा राहिला. त्याला उभं राहायची सवय नव्हती. पुस्तक छातीशी धरून, मघाच्या त्या पाणबुड्यांच्या दगडासारखं, बोलला.

"माफ करा, मी मधे बोलतो. पण तुमच्यात तर करतात की ओ हे." लोक वळले. "आमच्या शेजारी बापटकाकू होत्या. भिंतीला भिंत. मी आठ वर्षांचा होतो. माझा बाप मचव्यावर गेला नि वादळ झाला. तीन मचवे आले. आमचा नाय आला. अम्मी नुसती अंगणात बसून होती. तर बापटकाकूंनी त्यांचे देव पाण्यात घातले. आमच्यासाठी. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे, तांब्याच्या घंगाळात. म्हणाल्या, हसनभाई येईपर्यंत काढायची नाय."

"आले का?" कोणीतरी विचारलं.

"नाय."

एसी घरघरत होता.

"म्हयना झाला, दोन झाले. भटजी सांगून गेले, काकू, देव काढा, बरा दिसत नाय. काकू म्हणाल्या, त्याला आणा, मग काढते. रोज पाणी बदलायच्या. पण देव बाहेर नाय. सहा म्हयने. देव्हारा रिकामा. आमी पोरं खिडकीतून बघायचो. काकू रिकाम्या देव्हाऱ्याला दिवा लावायच्या." त्याने पुस्तक थोडं वर केलं. "म्हणून मला त्या खिळ्याचा इतका लागला होता. मला वाटायचं, त्या गावातबी कोणी काकू असणार. होती ना काकी. मारिगो."

त्या क्षणी मला आमचं नाशिकचं स्वयंपाकघर दिसलं. ज्या आठवड्यात मी ते प्रकरण कापत होते, त्याच आठवड्यात सासरे दवाखान्यात होते, आणि सासूबाईंनी देव पाण्यात घातलेले होते. मी टेबलावर बसून 'आमच्या समाजाला हे सहन होणार नाही' असं लेखकाला लिहीत होते, आणि चार हातांवर घंगाळात आमचा खंडोबा नाकापर्यंत बुडालेला होता. चहा करायला उठले तेव्हा मी ते घंगाळ ओलांडून गेले. दोनदा. एवढा जाड चष्मा, पण दिसलं नाही.

हे मी मोठ्याने सांगितलं. आधी कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. मागच्या रांगेतल्या त्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे बारावीला घालतात. माझ्या वेळी घातले होते. तरी मी नापास झाले."

सबनीस वड्यांच्या ताटाकडे वळले. मग हळूच म्हणाले, "माझ्या पहिल्या इकाम्याच्या, इथल्या राहण्याच्या परवान्याच्या वेळी आईने घातले होते. अकरा दिवस." आणि त्यांनी ताट उचललं आणि पहिला वडा इस्माईलपुढे धरला.

जाताना मी इस्माईलकडून त्याचं पुस्तक मागून घेतलं. ती नऊ पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, सातव्या आणि आठव्या प्रकरणाच्या मधे निखिलने कडेला डिंक लावून चिकटवली. इस्माईलने डिंक वाळू दिला. मग डोळे मिटून त्या जागेवरून वरून खाली बोट फिरवलं.

"जाड झाला," तो म्हणाला. "पण आता दूध अडकायचं नाय."

वाचनालयाला पुस्तक त्याच अवस्थेत परत मिळालं आहे. इस्माईलचा तसा निरोप आला. दंड माफ.

नाशिक

आता घरी आहे. खजूर वाटून झाले. काहवा कोणालाही आवडला नाही. 'खारा संत'ची नवी आवृत्ती काढा, पुरी काढा, असं मी प्रकाशकाला सांगितलं आहे. जुने प्रकाशक गेले. आता त्यांचा पुतण्या बघतो. मोठा सभ्य मुलगा आहे. परवा फोनवर म्हणाला, "आजी, बाकी सगळं छापतो. तेवढं एक प्रकरण हल्लीच्या दिवसांत थोडं जड जाईल. बघू."

तुमचं 'बघू' मला चांगलं ओळखू येतं, बाळ.

मी फोन ठेवला, सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून काढून चिंचेने घासलं, आणि देव पाण्यात घातले. खंडोबा, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सगळे. देव्हारा रिकामा आहे. कॉलनीतल्या बायका येतात, बघतात, घाबरून विचारतात, कोण आजारी आहे? मी सांगते, कोणी नाही. पुस्तक पुरं छापून येईपर्यंत काढणार नाही. रोज पाणी मात्र बदलते.